आधी पाणी, मग मोटार : विद्यापीठांचे मोठे प्रकल्प आणि त्यांचा कारभार

जालन्याच्या शिवारात विहीर घेणारा शेतकरी सगळा खर्च एकदम करत नाही. आधी जागा पाहतो, मग खोदायला घेतो. मुरूम लागला की अंदाज घेतो, खडक लागला की घरात बसून पुन्हा हिशेब मांडतो. पाणी लागले आणि उन्हाळ्यात टिकले, तरच बांधकाम. मोटार त्याच्याही नंतर. प्रत्येक टप्प्यावर घरात एकच प्रश्न असतो : पुढे जायचे का? विद्यापीठांच्या मोठ्या प्रकल्पांचा आढावा घेताना हा प्रश्न मला वारंवार आठवतो. आपल्याकडे कोट्यवधींची कामे सुरू होतात. मधल्या वाटेवर तो प्रश्न विचारणारा माणूस मात्र फार क्वचित भेटतो.

सोन्याच्या पाळण्यातली उणीव

‘जालना सोने का पालना’ ही म्हण गावाने खरी करून दाखवली आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि जालना देशाच्या नकाशावर बियाण्यांचे गाव म्हणून उमटले. पुढे सळईचे कारखाने आले, मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, समृद्धी महामार्ग आला. उच्च शिक्षणाने मात्र या गावाला बराच काळ वाट पाहायला लावली. मराठवाड्याला पहिले विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी मिळाले, तेही औरंगाबादेत. 1981 साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पण पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठी शेजारच्या शहराची वाट कायम राहिली. 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालाने विभागीय अनुशेष आकड्यांत मांडला. तेव्हापासून मराठवाड्यात कोणताही प्रकल्प जाहीर झाला, की न्याय मिळाल्याचा आनंद आधी होतो. तो आनंद रास्त आहे. अडचण एवढीच, की त्या आनंदात प्रश्न विचारणारा माणूस विरोधक ठरतो.

2018 साली जालन्याला मोठी संधी मिळाली. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 1 ऑक्टोबर 1933 रोजी मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली जुनी ‘यूडीसीटी’, आपले मराठवाडा संकुल घेऊन इथे आली. त्याच वर्षी संस्थेने इंडियन ऑइलच्या साथीने भुवनेश्वरलाही संकुल काढले. जालन्यात वर्ग सुरू झाले ते औद्योगिक वसाहतीतल्या जैवतंत्रज्ञान उद्यानात. कायमच्या संकुलासाठी शिरसवाडीची विस्तीर्ण जागा ठरली. अभ्यासक्रम पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक., आणि त्यात प्रत्यक्ष कारखान्यातल्या प्रशिक्षणाला मोठे स्थान. बियाणे, पोलाद आणि फळबागांच्या जिल्ह्यासाठी याहून नेमकी कल्पना सुचणे अवघड. कल्पना नेमकी आहे, म्हणूनच तिच्या कारभाराबद्दल आस्थेने बोलायला हवे.

मुंबईने शिकवलेला धडा

कारभार सुटला की काय होते, हे 2017 साली मुंबई विद्यापीठाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असे ठरले. कल्पना आधुनिक होती आणि हेतूही चांगला. पण निर्णय लागू झाला तो सर्व शाखांना एकदम : 477 परीक्षा आणि 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. कंत्राट मार्गी लागेपर्यंत परीक्षा सुरू झाल्या होत्या. प्राध्यापकांचे प्रशिक्षण धावपळीत उरकले गेले. राज्यपालांनी निकालासाठी 31 जुलैची मुदत दिली, तीही टळली. प्रवेशाच्या दारात उभी असलेली मुले महिनोन्‌महिने गुणपत्रिकेची वाट पाहत राहिली. 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रकरणातली एक बाब फारशी चर्चेत आली नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 हा 1 मार्च 2017 पासून लागू झाला होता. त्यानुसार निवडून येणारी नवी अधिसभा अजून अस्तित्वात यायची होती. निवडणुका 2018 मध्ये झाल्या. म्हणजे विद्यापीठाच्या इतिहासातला एवढा मोठा बदल झाला तो नेमका प्रश्न विचारणारी खुर्ची रिकामी असताना. एखाद्या शाखेच्या एका परीक्षेवर आधी प्रयोग करा, असे अधिकाराने सांगणारे कोणी असते, तर चूक त्या एका परीक्षेपुरतीच राहिली असती.

केंब्रिजही चुकले होते

हा दोष केवळ आपल्या मातीचा नाही. केंब्रिज विद्यापीठाने 2000 साली ‘कॅप्सा’ नावाची नवी संगणकीय हिशेबप्रणाली सुरू केली आणि विभागांची बिले अडकली. संशोधकांना आपल्या अनुदानात किती पैसे उरले हेही कळेना. पुढे त्या विद्यापीठाने जे केले, ते आपण घेण्यासारखे आहे. चौकशी दोन बाहेरच्या तज्ज्ञांकडे सोपवली गेली : प्रकल्प कसा राबवला हे अँथनी फिंकेलस्टाइन यांनी पाहिले, तर विद्यापीठाचा कारभार कुठे कमी पडला हे मायकेल शॅटक यांनी. 2001 साली दोन्ही अहवाल उघडपणे प्रसिद्ध झाले. वापरणाऱ्यांना पुरेसे विचारले नव्हते, चाचणी आणि प्रशिक्षण अपुरे होते, आणि जबाबदारी इतक्या समित्यांत वाटली गेली होती की ती कोणाचीच उरली नव्हती. मुंबईची गोष्ट सोळा वर्षे आधी इंग्रजीत छापून ठेवली होती, असेच हे अहवाल वाचताना वाटते.

‘उपयोगिता’ कोण तपासतो?

आपल्याकडे नियमांची वानवा नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, आणि खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे कार्यालयीन बोलीतली ‘सुप्रमा’. 2016 च्या कायद्यात वित्त व लेखा समिती आहे, खरेदी समिती आहे, इमारत व बांधकामाची समिती आहे, बृहत् आराखडाही आहे. अभिमत विद्यापीठांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम लागू होतात. तिथेही कार्यकारी परिषद आणि वित्त समिती असते. पण ही सारी साखळी बहुतांशी पैसा आणि कागद तपासते. अखेरीस जे ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ जाते, त्यात पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याची ग्वाही असते. उपयोग किती झाला, हे त्यावरून क्वचितच कळते. प्रयोगशाळा उभी राहिली, पण तंत्रज्ञाचे पद मंजूर नाही; वसतिगृह बांधले, पण पाण्याची सोय नाही, अशी कामेसुद्धा कागदावर पूर्णच ठरतात.

यावर उपाय साधे आहेत. पहिला, प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला एक उत्तरदायी व्यक्ती नावानिशी नेमावी. दुसरा, थांबे ठरवावेत. ब्रिटनच्या सरकारने 2000 च्या सुमारास मोठ्या प्रकल्पांसाठी अशी टप्प्याटप्प्याची तपासणी सुरू केली. प्रकल्पाशी संबंध नसलेली अनुभवी माणसे येऊन पाहतात आणि लाल, पिवळा किंवा हिरवा शेरा देतात. लाल शेरा ही शिक्षा नसते. पुढचा पैसा टाकण्याआधी दुरुस्त काय करायचे, याची ती सूचना असते. तिसरा उपाय म्हणजे वापरणाऱ्यांना सुरुवातीपासून बसायला जागा द्यावी : विद्यार्थी, प्रयोगशाळा सहायक, परीक्षा विभागातला लिपिक. कुठे घोडे अडणार हे त्यांना आधी दिसते. आणि चौथा, काम पूर्ण झाल्यावर तीन वर्षांनी मूल्यमापन करून ते मराठीत, सर्वांना वाचता येईल असे प्रसिद्ध करावे.

शिरसवाडीकडे पाहताना

जालन्याच्या संकुलाला हे चार नियम लावले, तर प्रश्न आपोआप सुचतात. 2012-13 चा दुष्काळ जालनेकर विसरलेले नाहीत. मग शेकडो मुलांच्या निवासाला उन्हाळ्यातले पाणी कुठून येईल? अध्यापकांची पदे इमारतींच्या बरोबरीने भरली जातील का? पोलाद कारखान्यांच्या भट्टीचे, मोसंबीच्या सालीचे, बियाण्यांवरच्या लेपाचे प्रश्न इथल्या संशोधनात येतील का? हे प्रश्न संकुलाच्या विरोधातले नाहीत. ते संकुल आपले मानणाऱ्यांचे आहेत.

घाणेवाडीचा निजामकालीन तलाव गाळाने भरला, तेव्हा जालन्याच्या नागरिकांनी आणि उद्योजकांनी पुढे होऊन त्यातला गाळ उपसला. तलाव सरकारी आहे म्हणून ते दूर राहिले नाहीत, कारण आटलेल्या तलावाची तहान आपल्यालाच लागणार हे त्यांना ठाऊक होते. विद्यापीठाच्या प्रकल्पाकडे तसेच पाहिले पाहिजे. विहीर आपल्या रानात खणली जाते आहे. पाणी किती लागले, हे काठावर जाऊन डोकावून पाहण्याचा हक्क आपला आहे आणि ते कामही आपलेच आहे.