मोटारींनाही स्वभाव असतो

मराठी माणूस ट्रकला 'तो' म्हणतो, इंजिनाला 'ते' म्हणतो. पण गाडीला मात्र 'ती' म्हणतो. एवढ्या एका सर्वनामाने अर्धं काम होऊन जातं. मग ती रुसते, तापते, घाटात दमते, थंडीच्या दिवसांत सकाळी उठायला कुरकुरते. दसऱ्याला आपण तिला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो आणि तिच्याशी दोन शब्द बोलतोही. कोणी ऐकत नाही ना, एवढंच आजूबाजूला पाहून घेतो.

ही खोड काही आपल्याच मुलखातली नाही. अमेरिकेत फोर्डच्या मॉडेल टी गाडीला लोक 'टिन लिझी' म्हणत. इटलीत चिमुकल्या फियाट ५०० चं नाव पडलं 'तोपोलिनो', म्हणजे छोटा उंदीर. फोक्सवॅगनला जर्मन लोकांनी भुंगेरा म्हटलं. मर्सिडीज हे तर खरोखरीच्या मुलीचं नाव. एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याची ती लेक. मुंबईकर मात्र कौतुकातही स्पष्टवक्ता! पन्नाशीच्या दशकातल्या गुबगुबीत, फुगीर नाकाच्या फियाट ११०० ला त्याने सरळ 'डुक्कर फियाट' म्हटलं, आणि मालकांनीही ते नाव आनंदाने मिरवलं.

जुन्या मोटारींचं प्रदर्शन असलं की मी सहसा चुकवत नाही. मला स्वतःला मोटारीतलं फार कळतं असं नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला पात्रं लागतात, आणि इथे ती ओळीने उभी असतात. दोन दिवे म्हणजे डोळे, मधली जाळी म्हणजे तोंड, मडगार्ड म्हणजे गाल. बाकीचं आपण भरायचं. गेल्या हिवाळ्यात फोर्टातल्या अशाच एका प्रदर्शनाला आमच्या सौ.ही बरोबर होत्या. त्यांना तर हा खेळ माझ्याहून चांगला जमतो.

पहिलीच उभी होती मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या, आणि त्यांतली बरीच वर्षं त्या फक्त काळ्या रंगात मिळत. तिला तीन पेडल, पण त्यांतलं एकही ॲक्सिलरेटरचं नाही; तो हाताने ओढायचा. पेट्रोलची टाकी सीटखाली, आणि पेट्रोल आपल्याच वजनाने इंजिनाकडे उतरायचं. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ उभा असला, की ही गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढवावी लागे. मला तिच्यात एकदम खेड्यातले जुने मास्तर दिसले. काळा कोट, एकच जोडी, बोलणं सरळ. पण घाट लागला की पाठमोरे चालणार आणि त्याबद्दल कोणालाही स्पष्टीकरण देणार नाहीत.

शेजारी रोल्स-रॉइस. हिच्या बॉनेटवरची पुढे झुकलेली बाई चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने घडवली, १९११ साली. संस्थानिकांच्या पदरी वाढलेली ही मोटार म्हणजे वाड्यातल्या मोठ्या बाईसाहेब. आवाज कधी चढत नाही, कारण चढवायची वेळच कधी आली नाही. सौ. तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हिला आयुष्यात कोणी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नसणार."

त्यापलीकडे ऑस्टिन सेव्हन, १९२२ साली हर्बर्ट ऑस्टिनने मध्यमवर्गीय कुटुंबासाठी काढलेली. इंजिन पाऊण लिटरचंही नाही. रोल्सच्या शेजारी ती श्रीमंत नातेवाइकाकडच्या लग्नात अंग चोरून बसलेल्या शिकवणीच्या मास्तरांसारखी दिसत होती. पण या मास्तरांचे विद्यार्थी पाहा! पुढे जगभर मिरवलेल्या बीएमडब्ल्यूने मोटारींचा धंदा सुरू केला तो या ऑस्टिन सेव्हनच्याच परवान्यावर बनणाऱ्या गाडीपासून.

इथवर गंमत झाली. पण हा खेळ खेळताना माझ्यातल्या बँकवाल्याला एक गोष्ट खटकत राहते.

मी तीस-पस्तीस वर्षं बँकेत काढली आणि त्यातली बरीच कर्जखात्यात. आमच्या लेखी मोटारीला स्वभाव नव्हता. तिला इंजिन नंबर होता, चासी नंबर होता, विमा होता आणि घसारा होता. मोटार कर्जदाराकडेच राहायची आणि बँकेचा तिच्यावर बोजा असायचा. या व्यवहाराला मराठीत 'नजरगहाण' असा एक सुरेख शब्द आहे. वस्तू तुमची, नजर आमची. पण कागदावर नजर ठेवली म्हणजे गाडी दिसतेच असं नाही.

ती मला दाखवली साताऱ्याकडच्या एका टॅक्सीवाल्याने. १९८६ साली उपनगरातल्या आमच्या शाखेतून त्याने प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीसाठी कर्ज घेतलं होतं. पद्मिनी म्हणजे डुक्कर फियाटच्याच घराण्यातली. चितोडच्या राणीचं नाव तिला १९७४ च्या सुमारास मिळालं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी हा गृहस्थ मला बाहेर घेऊन गेला, गाडीपुढे नारळ फोडला आणि म्हणाला, "साहेब, ही आमची थोरली."

मला आधी उमगलं नाही. मग कळलं, त्याला दोन मुली. गाडी त्यांच्या आधी घरात आली, म्हणून ती थोरली. धाकट्या दोघींच्या शाळेची फी, वह्या-पुस्तकं, एकीचं नर्सिंगचं शिक्षण, सगळं थोरलीने केलं. तिचे स्वभावही तो सांगायचा. पहिल्या पावसात ती हमखास खोकते. तिसरा गिअर टाकताना तिला क्षणभर थांबू द्यावं लागतं, घाई केलेली खपत नाही. विमानतळाचं भाडं असलं की खुशीत चालते. हे शेवटचं त्याचं स्वतःचं असावं. पण गाडीचं कुठे संपतं आणि ड्रायव्हरचं कुठे सुरू होतं, हे सांगणं अवघडच.

पुढे मुंबईतल्या टॅक्सींना आधी पंचवीस आणि मग वीस वर्षांची वयोमर्यादा लागली. २०११ साली तो भेटला तेव्हा म्हणाला, "थोरली कुर्ल्याला गेली." कुर्ल्याला, म्हणजे जुन्या मोटारी तोडतात त्या भंगारबाजारात. जन्म कुर्ल्याचा आणि शेवटही कुर्ल्याचाच. आठवण म्हणून काही ठेवलंत का, असं मी विचारलं. त्याने डावा हात वर उचलला आणि हवेतच गिअर टाकून दाखवला. "काय ठेवायचं साहेब? हातात आहेच की ती. जावयाच्या गाडीत पुढे बसलो तरी हात आपसूक उचलतो."

आता नियमाचं गणित पाहा. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळते, नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. तिने रोजच्या कामाला बाहेर पडायचं नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतं रस्त्यावर यायचं. नियम चांगलाच आहे, त्यामुळे पुष्कळ गाड्या वाचतील. पण पन्नाशीचा मान कोणाला मिळणार? जिला रोज राबावं लागलं नाही तिला. राबणाऱ्या गाडीला विसाव्या वर्षीच निरोप. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. बरोबर वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, ती रस्त्यावरून उतरली. त्या वेळी निदान एक तरी टॅक्सी संग्रहालयात जपावी अशी मागणी झाली होती, ती उगीच नव्हे.

म्हणून प्रदर्शनात फिरताना मला वाटतं, की आपण स्वभाव कल्पतो ते बहुधा मालकाच्या ऐश्वर्यावरून. खरा स्वभाव मात्र कळलेला असतो चालवणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला. त्या दिवशी एका निळ्या मोटारीमागे एक म्हातारे मेकॅनिक उभे होते. मालक फोटोसाठी पुढे, हे बॉनेटपाशी कान लावून. मी विचारलं, काय ऐकता? म्हणाले, "सकाळपासून नाराज आहे. उन्हात उभी केलेली तिला चालत नाही." या गाडीचे सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत; मोडका भाग नमुना म्हणून समोर ठेवून ते लेथवर नवा कातून घेतात. हाताखाली कोणी शिकतंय का, या प्रश्नावर ते नुसते हसले. मुलगा कॉम्प्युटरवर आहे, म्हणाले. पितळेचा कप अर्थात मालकाला मिळाला. त्यात काही गैर नाही, पैसा त्याचाच लागतो. पण हे कान गेले, की ती निळी मोटार चकचकीत राहील आणि मुकी होईल.

आमच्या सौ. घरी येताना म्हणाल्या, "पाटीवर सगळं लिहिलं होतं हो, साल, सिलिंडर, हॉर्सपॉवर. पण तिला हाक काय मारायचे, ते नव्हतं." मला हे फार पटलं. प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळींना एक सुचवावंसं वाटतं. पाटीवर आणखी तीन ओळी वाढवा. चालवणाऱ्याचं नाव, दुरुस्त करणाऱ्याचं नाव, आणि गाडीची खोड. वाचकांनीही घरातला जुना अल्बम काढावा. आजोबांची मोटार असेल, काकांची टॅक्सी असेल, नाहीतर मामांची स्कूटर. फोटोच्या मागे या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात, सांगणारी माणसं आहेत तोवर. मोटारी टिकवणं सगळ्यांना परवडत नाही. तीन ओळी लिहायला पेन्सिल पुरते.

माझ्यापुरती सुरुवात मी केली आहे. वहीत एक पाटी लिहून ठेवली आहे, कधीतरी कोणी मागेल म्हणून:

प्रीमिअर पद्मिनी, काळी-पिवळी. बांधणी कुर्ला. पहिल्या पावसात खोकते. तिसऱ्या गिअरला घाई खपत नाही. दोन मुलींना शिकवलं. हाक मारण्याचं नाव, थोरली.