जुन्या फियाटचे स्टेअरिंग सैल झाले? बॉक्स आवळण्याआधी ‘प्ले’ कुठे आहे ते शोधा

बेळगाव : चोर्ला घाटात स्टेअरिंग वळवले, पण गाडी क्षणभर उशिरा वळली, हा अनुभव जुन्या फियाट पद्मिनीच्या मालकांना नवा नाही. गॅरेजमध्ये नेली की बऱ्याचदा एकच उपाय होतो : स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळायचा. प्ले गेला म्हणून मालकही खूश. पण दोष दुसरीकडे असेल, तर या आवळण्याने गाडी सुधारत नाही, उलट जास्त धोक्याची होते.

1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून आलेली आणि पुढे पद्मिनी झालेली ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. तिच्या स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा आर्म मधल्या रॉडला ढकलतो. दुसऱ्या बाजूला तो रॉड आयडलर आर्मवर तोललेला असतो. तिथून टाय रॉड दोन्ही चाकांपर्यंत जातात. प्रत्येक सांध्याची थोडी थोडी झीज जमा होते आणि सगळी बेरीज चालकाच्या हातात येते. (अँबॅसेडरला रॅक अँड पिनियन आहे, त्यामुळे तिथे हा बॉक्स आणि आयडलर नसतो.)

दोन माणसांची तपासणी

गाडी सपाट जागी चाकांवरच उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवायचे. दुसऱ्याने एकेका सांध्यावर हात ठेवायचा. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी जरा थांबून हलते, तर झीज तिथेच. आयडलरचा बुश विसरू नका. बॉक्सचे बोल्ट ढिले होऊन अख्खा बॉक्सच जागेवरून हलत नाही ना, तेही बघा.

मग पुढचे चाक जॅकवर घ्या, स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड द्या. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडले तर एकाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग सैल, राहिला तर किंग पिन किंवा सस्पेन्शनचे सांधे बघायला हवेत.

बॉक्स सगळ्यात शेवटी

गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, म्हणून बॉक्समधले दातही मधल्या भागात जास्त झिजतात. सरळ स्थितीतला प्ले घालवण्यासाठी स्क्रू आवळला, की पूर्ण वळणावर स्टेअरिंग जड होते, कधी अडकते, सोडल्यावर आपोआप सरळ येत नाही. घाटात याचा अर्थ सांगायला नको. अशा वेळी बॉक्स उघडून दुरुस्त करणेच बरे. बॉक्समधले ऑइल गळून संपले आहे का, हेही पाहावे.

चाकाच्या कडेला साधारण इंचभर प्ले या बनावटीत चालून जातो. प्ले नसूनही गाडी रस्त्यावर भरकटत असेल, तर आधी टायरची हवा आणि अलाइनमेंट तपासा. टाय रॉडचे एंड बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते आणि नटाला नवीन स्प्लिट पिन हवीच.

एखादा सांधा निखळायला आला असेल किंवा पिनच नसेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रींनाच बोलवा. आणि त्यांना “आवळून द्या” म्हणण्याआधी “प्ले नेमका कुठे आहे, ते हात लावून दाखवा” एवढे विचारा.