हळदीचे सूक्ष्मकण

सांगलीच्या पेठेतील एका परिचित अडत्याने परवा, 'हळद एवढी गुणाची, मग तिच्या गोळ्यांचा गुण का येत नाही?' असा रोकडा सवाल केला, तेव्हा औषधनिर्मितीच्या व्यवसायात असल्यामुळे जबाब देणे ओघानेच मजकडे आले.

हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पेल्यात टाकून कितीही ढवळले तरी पिवळी भुकटी काही तरंगते, काही तळाशी बसते. आणि जे अल्पस्वल्प आतड्यातून शोषले जाते, त्याचेही रूपांतर करून यकृत त्याची तत्काळ रवानगी करते.

म्हणून कर्क्युमिनचे १००-२०० नॅनोमीटरचे, केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी लहान, कण करून ते लेसिथिनसारख्या स्निग्ध द्रव्याच्या वेष्टनात घालतात. पृष्ठभाग वाढल्याने ते लवकर विरघळतात व अधिक शोषले जातात.

(मिरीही कमी नाही: २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत तिच्यातील पिपेरीन २० मिलिग्रॅम दिल्यास माणसांत शोषण सुमारे २० पटींनी वाढल्याचे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखविले.)

मात्र रक्तातील प्रमाण वाढणे म्हणजे व्याधी हटणे नव्हे. उलट यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींवरून ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये हळदीच्या, विशेषतः अधिक शोषल्या जाणाऱ्या, गोळ्यांबाबत इशारा दिला आहे. स्वयंपाकातील हळदीला ही ताकीद लागू नाही.