घाट, पाऊस आणि २८ मिलिमीटर

ऑक्टोबर उजाडला की युरोपातली सायकल-मासिकं दरवर्षी एकच सल्ला देतात: चांगली रोडबाइक धुऊन-पुसून आत ठेवा, मडगार्डवाली जुनी बाहेर काढा, आता मार्चपर्यंत पाऊस, चिखल आणि अंधार. पुण्या-नाशकात नेमका त्याच सुमारास हंगाम उघडतो. ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं, खड्डे बुजवायला सुरुवात झालेली असते, पहाटे हवेत गारवा येतो. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ राइड्सना मान्यता देणाऱ्या ऑडॅक्स क्लब पॅरिझियाँचं वर्षसुद्धा १ नोव्हेंबरपासून मोजतात. त्यामुळे फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच २०० किलोमीटरच्या राइडसाठी नावं द्यायची वेळ येते.

दुकानातलं सामान मात्र तिकडच्या ऋतूंचा हिशेब धरून येतं, आणि ते कसं वापरायचं याचा सल्लाही तिकडचाच असतो. तिकडची ‘विंटर बाइक’ ती आपली आषाढातली सायकल. हे न ओळखता खरेदी केली, की लाखभराची हलकी सायकल जुलैमध्ये भिंतीला टांगलेली राहते किंवा दोन पावसांत तिची रया जाते.

ॲटलस, हीरो, हर्क्युलिस, रॅले ही नावं ज्यांच्या घरात नांदली, त्यांना काळी जेन्ट्स सायकल आठवत असेल. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं ते या सायकलीवर. पुढे-मागे लांब मडगार्ड, चेन झाकणारं पत्र्याचं कव्हर, मागे कॅरियर, टायरच्या कडेला घासत फिरणारा डायनॅमो. ती जड होती आणि तिला गिअर नव्हते, पण तिन्ही ऋतूंची सोय तिच्या अंगावर होती. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद झाला. तोवर शहरी हौशी स्वार रोडबाइककडे वळले होते. रोडबाइकची घडण शर्यतीतली आहे. शर्यतीत स्वाराच्या मागे संघाची गाडी असते. पंक्चर झालं की चाक बदलून मिळतं, तहान लागली की बाटली. म्हणून मडगार्ड, कॅरियर, दिवा असं जे जे काढता येईल ते तिच्या अंगावरून काढलं गेलं. ताम्हिणीत किंवा वरंध्यात मागे गाडी नसते. मग काढलेली प्रत्येक वस्तू ऋतूंप्रमाणे एकेक करून परत जोडावी लागते, आणि सामानाचा खरा विचार इथूनच सुरू होतो.

पाऊस हा त्यातला सर्वांत कडक परीक्षक. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर, आणि सव्वाशे किलोमीटरच्या आत एकाच राइडमध्ये स्वार एकीकडून दुसरीकडे जातो. वाईला कोरड्या रस्त्यावर पसरणी घाट चढायला घ्यावा आणि पाचगणीच्या पुढे समोरचा मैलाचा दगड दिसू नये, हे जुलैत नेहमीचं. पहिल्या सरी सर्वांत दगाबाज असतात. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं डिझेल आणि ऑइल वर तरंगतं आणि त्याचे इंद्रधनुषी डाग वळणावर चाक ओढून नेतात. झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे, पुलांच्या लोखंडी जोडपट्ट्या, श्रावणात घाटाच्या कडेला धरलेलं शेवाळ, या सगळ्यांवरून सायकल सरळ ठेवून, ब्रेक न लावता जायचं असतं.

ब्रेकमधला फरक इथेच कळतो. रिमवर दाबणारे जुन्या पद्धतीचे ब्रेक ओल्या रिमवर आधी पाणी पुसतात, मग पकडतात. चाकाचा एखाद-दुसरा फेरा वाया जातो. दिवेघाटाच्या उतारावर तेवढ्यात सायकल कितीतरी मीटर पुढे गेलेली असते. कार्बनच्या रिमवर ही उणीव आणखी जाणवते. शर्यतींमध्ये डिस्क ब्रेकना पूर्ण मुभा मिळाली ती २०१८ मध्ये, आणि त्यावर बरेच वाद झाले. सह्याद्रीत पावसात चालवणाऱ्यासाठी त्या वादात काही राम नाही: नवी सायकल घेताना कार्बनच्या फ्रेमपेक्षा ॲल्युमिनियमची फ्रेम आणि हायड्रॉलिक डिस्क हा सौदा कधीही चांगला. डिस्कलाही देखभाल चुकत नाही. रेझिनचे पॅड पावसाच्या चिखलात भराभर झिजतात. जे पॅड कोरड्यात हजारो किलोमीटर टिकतात, ते एका ओल्या घाटवारीत संपायला येऊ शकतात. धातूमिश्रित पॅड आवाज करतात, पण टिकतात.

चेनचं कव्हर तेवढं परत आलं नाही, गिअरच्या सायकलीवर ते बसतच नाही. त्याची किंमत चेन मोजते. ताम्हिणीहून परतलेल्या सायकलची चेन बोटानं पुसून पाहावी. ओल्या सिमेंटसारखा करडा लगदा हाताला लागतो: रस्त्यावरची बेसॉल्टची भुकटी, ब्रेकचा चुरा आणि काळं तेल. तो चेनच्या पिनांमध्ये शिरून पॉलिश पेपरचं काम करतो. चेनची प्रत्येक कडी नवी असताना १२.७ मिलिमीटर असते. झिजून चेन अर्धा-पाऊण टक्का लांबली की ती कॅसेटचे दातही खाऊ लागते, आणि चेनपेक्षा कॅसेट महाग. म्हणून पावसाळी राइडनंतर अंघोळीआधी चेन. साधं पाणी, ब्रश, जुनी बनियन, मग पावसाळी घट्ट तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर आणि वरचं जादा तेल पुसून टाकणं. कोरड्या ऋतूचं पातळ तेल पहिल्या सरीतच धुऊन जातं आणि सकाळपर्यंत चेनवर तांबूस गंज दिसतो. आठवड्यातून एकदा सीटपोस्ट काढून सायकल उलटी धरली, की फ्रेममध्ये साचलेलं पाणी धार धरून बाहेर येतं. बॉटम ब्रॅकेटचे छर्रे किरकिरायला लागतात ते याच पाण्यानं.

रेनजॅकेटबद्दल बरेच गैरसमज आहेत. आतली वाफ बाहेर सोडणारं महागडं कापड चालतं ते आतल्या आणि बाहेरच्या बाष्पातल्या फरकावर. पंचवीस अंशांच्या, बाष्पानं भरलेल्या हवेत घाट चढताना तो फरक जवळपास उरत नाही आणि स्वार आतून घामानं चिंब होतो. जाणते लोक चढताना भिजतात. जॅकेट मागच्या खिशात ठेवतात आणि उतारावर वाऱ्यासाठी चढवतात. हेल्मेटखाली कापडी टोपी घातली की तिची झडप डोळ्यांवरचा मारा अडवते. आणि मडगार्ड तर लावावेच. स्वतःच्या पाठीपेक्षाही मागून येणाऱ्याच्या तोंडावर चिखल उडू नये म्हणून त्यांची गरज जास्त. आषाढीच्या आधी पंढरपूरला सायकलवारी करणारे जथे निघतात, तिथे बिनमडगार्डच्या सायकलच्या मागे राहायला कुणी तयार नसतं.

एक वाऱ्याचं. पावसाळी वारे पश्चिमेचे. पुण्याहून कोकणाकडे जाताना ते छातीवर घ्यावे लागतात, परतताना पाठीशी येतात. थकलेल्या पायांना याहून मोठी मदत नाही.

दिवाळीनंतर सामानाचा भर दिव्यांवर येतो. ब्रेव्हेचे नियम सोपे आहेत: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. एकाच हंगामात चारही पूर्ण करणारा ‘सुपर रँडोनिअर’. २०० सोडली तर बाकी सर्वांत रात्र येतेच. पश्चिम महाराष्ट्रात ही रात्र उसाच्या हंगामाची असते. कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात आणि ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रस्त्याची रुंदी व्यापून चाललेल्या असतात, पुष्कळदा मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. रस्त्यावर सांडलेला ऊस चाकाखाली आला तर तोल जातो; पाचटाची लांब पात मागच्या गिअरमध्ये गुंतली तर चाकच अडतं. अशा रस्त्यावर पुढचा दिवा दूरवर आणि रुंद पसरणारा हवा, मागे दोन लाल दिवे हवेत (एक विझला तरी स्वाराला कळत नाही) आणि घोट्यांवर चमकत्या पट्ट्या हव्यात. खाली-वर होणारे पाय पाहून ट्रकचालक दुरूनच ओळखतो, की पुढे सायकल आहे. लांब पल्ल्याचे अनेक स्वार आता पुढच्या चाकाच्या हबमध्ये बसणारा डायनॅमो घेतात. तो टायरला घासत नाही, साधारण तीन वॅट वीज देतो आणि रात्रभर चार्जिंगची काळजी राहत नाही.

थंडीचे कपडे हा इथे दुर्लक्षिला जाणारा भाग. दुपारी तीस अंश असलेल्या गावात पहाटे पारा दहाला टेकतो, निफाडकडे त्याहूनही खाली. जाड स्वेटर तासाभरात ओझं होतो. काढता येणाऱ्या बाह्या, बिनबाह्यांचं पातळ विंडचीटर आणि बोटं झाकणारे हातमोजे पुरतात, कारण ऊन आलं की सगळं जर्सीच्या मागच्या तीन खिशांत मावतं. टूर द फ्रान्सचे जुने स्वार डोंगरमाथ्यावर वर्तमानपत्र मागून घेत आणि उतारावर जर्सीत छातीशी धरत. घामानं भिजलेल्या अंगाला खंबाटकीच्या उतारावरही त्याचा तितकाच आधार होतो. दर चार वर्षांनी होणारी १२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ऑगस्टमध्ये असते, पण ब्रिटनीतल्या रात्री थंड असतात. इथल्या उकाड्यात तयारी करून गेलेल्यांना पायांआधी ही थंडी गाठते.

याच हंगामात, नोव्हेंबरात, पुणे ते गोवा ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही सुमारे ६४० किलोमीटरची स्पर्धा होते; ती ‘रेस अक्रॉस अमेरिका’ची पात्रता फेरीही आहे. महाराष्ट्राचं त्या शर्यतीशी नातं जुळलं ते नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती पूर्ण केली तेव्हा. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पार केली. हे दोघे भाऊ आणि समर्थ पेशानं डॉक्टर. नोकरी-व्यवसाय सांभाळून पहाटे सायकल काढणाऱ्यांना त्यांची उदाहरणं म्हणूनच जवळची वाटतात.

उन्हाळ्यात सामान कमी आणि घड्याळ महत्त्वाचं. साडेचारला निघून नऊच्या आत घरी, विदर्भात त्याहून लवकर. फ्रेमवर दोन बाटल्या, एकीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही. पातळ पांढऱ्या बाह्या उन्हात कातडीपेक्षा बऱ्या. हेल्मेट बंद गाडीत तापत ठेवू नये, त्यातला फोम उष्णतेनं खराब होतो. घाम हँडलच्या टेपखाली उतरून बोल्ट गंजवतो, म्हणून मे महिन्यात टेप सोडून एकदा आत पाहावं.

तिन्ही ऋतूंत जमिनीला टेकतो तो टायर, आणि पैसे खर्चायची पहिली जागा तीच. पूर्वी २३ मिलिमीटरचा टायर दगडासारखा टणक फुगवणं हा वेगाचा मंत्र होता. खडबडीत डांबरावर असा टायर उड्या मारतो, आणि त्या उड्यांत पायाची ताकद वाया जाते. व्यावसायिक संघही २५ वरून २८ आणि त्यापुढे गेले. इथल्या रस्त्यांना २८ किंवा ३२ हेच माप. पंचाहत्तर किलोच्या माणसानं २८ मध्ये सत्तर-ऐंशी पीएसआय हवा भरावी, पावसात थोडी कमी. पंक्चरही पावसातच जास्त होतात, कारण ओल्या रबरात काच आणि ट्रकच्या टायरमधली बारीक तार सहज शिरते. दुसरा खर्च गिअरचा. पुढे ३४ दाती आणि मागे ३४ दाती चकती असली, की पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम २.१ मीटर सरकते. सिंहगडाच्या चढाला हेच लागतं. टूर द फ्रान्समध्ये डेरेलर गिअरना परवानगीच १९३७ साली मिळाली. तोवर सोपा गिअर हा कमीपणा मानला जाई. ती समजूत काही ग्रुपांमध्ये अजून आहे आणि ती गुडघ्यांवर निघते.

शहरांतल्या जुन्या पंक्चरवाल्यांपैकी काहींनी डिस्कचं ऑइल बदलणं आणि ट्यूबलेसमध्ये सीलंट भरणं शिकून घेतलं आहे. चाकाचा आऊट काढण्यात तर त्यांचा हात धरणारा नाही. तालुक्याच्या गावी मात्र सामान मिळत नाही. म्हणून सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, टायर लिव्हर, फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा आणि चेनची क्विक-लिंक असतेच. त्यात डेरेलर हँगरही हवा. मागचा गिअर जिथे लटकतो तो हा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. सायकल आडवी पडली की फ्रेम वाचावी म्हणून तो आधी मोडतो. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा, आणि गावच्या वेल्डरला सहसा जोडता येत नाही. तो जवळ नसेल तर डेरेलर काढायचा, चेन तोडून आखूड करायची, मधल्या एखाद्या चकतीवर चढवायची आणि एकाच गिअरवर जवळचं एसटी स्टँड गाठायचं.