नेढ्यातून जाणारे जीवनसूत्र

कार्तिक-मार्गशीर्षात भालकीहून कलबुर्गीकडे निघावे, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांस तुरीची शेते डोलताना दिसतात. आपल्या ह्या तुरीस २०१९ साली ‘गुलबर्गा तूरडाळ’ ह्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु एखाद्या वर्षी फुलोऱ्यास आलेली हिरवीगार झाडे अकस्मात माना टाकतात. शेतकरी म्हणतो, ‘मर लागली.’ मातीत दडलेली एक बुरशी मुळांवाटे आत शिरते, पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते, आणि घरातील वर्षाचा हिशेब चुकतो. शेजारच्या रानात मात्र निराळ्या वाणाची तूर ताठ उभी असते! माती एक, पाऊस एक. मग गत निराळी का? ह्याचे उत्तर बियाच्या आत लिहिलेले असते. ते लिखाण वाचण्याच्या एका नव्या युक्तीची ओळख करून द्यावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. प्रयोगशाळेपेक्षा अक्षरांशी आमचा परिचय अधिक. आमची मायबोली कोकणी. तीत ‘नुस्तें’ म्हणजे मासे, आणि मराठीत ‘नुसते’ म्हणजे केवळ. उच्चारात थोडा फरक पडला, की ताटातील पदार्थच नाहीसा होतो! सजीवांच्या पेशीतही असाच अक्षरांचा खेळ आहे. तेथील ग्रंथास डीएनए म्हणतात. त्याची दुपेडी, पिळदार रचना १९५३ साली वॉटसन आणि क्रिक ह्यांनी मांडली. रोझलिंड फ्रँकलिन ह्यांच्या क्ष-किरण चित्रांचा त्यात मोठा आधार होता. ह्या ग्रंथाची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची: अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन. ह्यांच्या क्रमातच रोगास तोंड देण्याची शक्तीही लिहिलेली असते.

तुरीचा ग्रंथ सुमारे ८३ कोटी अक्षरांचा आहे. बीदरहून जहिराबादमार्गे हैदराबादेस जाताना पाटणचेरू लागते. तेथील ‘इक्रिसॅट’ ह्या संस्थेच्या राजीव वार्ष्णेय ह्यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी तो वाचला व २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात ४८,६८० जनुके आढळली. परंतु जुळवता आला तो ग्रंथाचा सुमारे ७३ टक्के भाग. उरलेला का निसटला?

विद्यार्थी मित्रहो, भजनाच्या एका जाड वहीच्या बारीक चिंध्या केल्या आहेत, अशी कल्पना करा. कडव्यांच्या चिंध्या जुळवता येतील. पण पालुपद प्रत्येक कडव्यानंतर येते. त्याची चिंधी हाती आली, तर ती कोठली म्हणावी? त्या वेळी वाचनयंत्रे जेमतेम शंभर अक्षरांचे तुकडे वाचीत, आणि तुरीच्या ग्रंथाचा जवळजवळ निम्मा भाग अशा पुनरुक्तीचा आहे. तेव्हा उपाय एकच: चिंध्या न करता लांबच लांब धागा सलग वाचणे.

ही युक्ती अमेरिकेतील डेव्हिड डीमर ह्यांना १९८९ साली सुचली व त्यांनी ती टाचणवहीत रेखाटून ठेवली. एक अतिशय पातळ पडदा घ्यावा. त्याच्या दोन्ही बाजूंस खारे पाणी असावे. पडद्यात एकच सूक्ष्म रंध्र ठेवावे व विजेचा दाब लावावा. मिठाचे विद्युत्भारित कण रंध्रातून वाहू लागतात आणि क्षीण प्रवाह मोजता येतो. डीएनएवर ऋणभार असल्यामुळे तो धनाग्राकडे ओढला जाऊन, सुईच्या नेढ्यात दोरा जावा तसा, रंध्रात शिरतो. वाट अडल्याने प्रवाह घटतो; कोणती अक्षरे आत आहेत, त्यावर ती घट कमीअधिक होते. हे चढउतार टिपले, की अक्षरांचा क्रम उलगडतो. किल्ल्याच्या दिंडी दरवाजातून माणसे एकेक करून आत घ्यावीत आणि द्वारपालाने प्रत्येकाची नोंद करावी, तसेच हे होय.

पण एवढे लहान छिद्र पाडावे कोणी? एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर असतात. येथे हवे होते एक-दीड नॅनोमीटरचे. ते निसर्गातच सापडले. पुवाळणाऱ्या जखमांत आढळणारा एक जिवाणू आपल्या प्रथिनाने पेशींना असेच भोक पाडतो. ते प्रथिन वापरून कासियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन व डीमर ह्यांनी १९९६ साली एकेरी धागे रंध्रातून जाताना टिपले. मात्र धागा इतक्या वेगाने सरके, की अक्षरे ओळखता येईनात. पुढे धाग्यास धरून पायरीपायरीने सोडणारे दुसरे प्रथिन रंध्राच्या मुखाशी बसवले, तेव्हा वाचन साधले. आजही त्यात चुका होतात. म्हणून तोच मजकूर अनेक प्रतींवरून वाचून ताडून पाहावा लागतो.

मुठीत मावणारे असे यंत्र २०१४ सालापासून संशोधकांच्या हाती आले. २०१५ साली गिनी देशात इबोलाच्या साथीत त्याने विषाणूचा माग काढला. २०१६ साली ते अवकाशस्थानकातही चालले. मानवाच्या ग्रंथातील सुमारे ८ टक्के कोरी राहिलेली जागा २०२२ साली भरून निघाली, तीही अशाच लांब वाचनांच्या साहाय्याने. आपल्या राज्यात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अशा रंध्रांवर संशोधन चालते.

मरीस दाद न देण्याचा गुण ग्रंथाच्या कोणत्या ओळीत आहे हे नेमके कळले, तर रोपाच्या एका पानावरून त्याची पारख करता येईल; पीक मरेपर्यंत वाट पाहावी लागणार नाही. २०११ साली ज्या वाणाचा ग्रंथ वाचला, तो वाण मरीस पुष्कळ अंशी तोंड देणारा आहे. त्याचे नाव ‘आशा’. ते नाव सार्थ करण्याचे काम आज वर्गात बसलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने वा मुलीने हाती घ्यावे, एवढीच आमची इच्छा.