विश्लेषण : नर्सिंगच्या पदवीत आता पुतळ्यांवर सराव… मग वॉर्डातल्या तासांचे काय?

बारावी विज्ञान झालेल्यांसाठी राज्यात बी.एससी. नर्सिंगची स्वतंत्र सीईटी सुरू झाली आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी २० गुण, एकूण १०० गुण. प्रवेशाची पद्धत बदलली, तसा आतला अभ्यासक्रमही बदलला. कॉलेजांच्या माहितीपत्रकांत आता वॉर्डाऐवजी सिम्युलेशन लॅबचे फोटो पहिल्या पानावर असतात. श्वास घेणारा, डोळे मिटणारा पुतळा आणि भोवती निळ्या गणवेशातील विद्यार्थी. हे शिक्षण नेमके काय आहे आणि ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते का?

अभ्यासक्रमात काय बदलले?

भारतात नर्सिंगची पदवी सुरू झाली १९४६ मध्ये, दिल्ली आणि वेल्लोर येथे. तेव्हापासून बराच काळ शिक्षणाचा साचा एकच होता. वर्षभर शिकायचे, वर्षाअखेरीस परीक्षा द्यायची आणि मधल्या काळात वॉर्डात ड्युटी करायची. भारतीय परिचर्या परिषदेचे नवे नियम २०२१ मध्ये राजपत्रात आले आणि चार वर्षांची आठ सत्रे झाली. क्रेडिट पद्धत आली. ‘काय पाठ आहे’ यापेक्षा ‘काय करता येते’ यावर मूल्यमापन ठेवण्याचा प्रयत्न झाला.

या नियमांतला हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. एक सत्र २० आठवड्यांचे. वर्गातल्या एका क्रेडिटसाठी आठवड्याला एक तास, लॅबमधल्या एका क्रेडिटसाठी दोन तास आणि रुग्णालयातल्या एका क्रेडिटसाठी चार तास. म्हणजे तेच एक क्रेडिट वर्गात २० तासांत मिळते, लॅबमध्ये ४० तासांत आणि वॉर्डात ८० तासांत. लॅबचे आणि वॉर्डाचे खाते वेगळे ठेवले आहे. वर्गात ८० टक्के हजेरी चालते. मात्र पदवी हातात पडण्यापूर्वी प्रत्येक क्लिनिकल विभागातली हजेरी १०० टक्के भरावी लागते. शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे.

विषयही नवे आले. आरोग्य माहिती तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. वेदनाशामक शुश्रूषा, नवजात बालकाची काळजी, प्राथमिक जीवरक्षण यांसारखे छोटे सक्तीचे घटक आहेत. औषध लिहून देण्याची मूलतत्त्वेही शिकवली जातात. मात्र आपल्याकडे परिचारिकेला औषधे लिहून देण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही, त्यामुळे हे शिक्षण सध्या तरी पुढच्या काळासाठीची तयारी आहे.

सिम्युलेशन लॅबमध्ये होते तरी काय?

इंजेक्शनचा सराव रबरी हातावर करणे ही जुनी गोष्ट. सिम्युलेशन म्हणजे एक संपूर्ण प्रसंग उभा करणे. उदाहरण प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे घेऊ. एक शिक्षिका पोटाला पट्ट्याने बांधायचे प्रसूतीचे मॉडेल लावून खाटेवर बसते. पिशवीतून लाल द्रव सोडता येतो, तिच्या हाताच्या दाबावर गर्भाशय सैल किंवा घट्ट लागते. बाळ झाले, वार पडली, सगळे हुश्श झाले आणि मग रक्त थांबत नाही. आता विद्यार्थिनीने काय करायचे? आधी मदतीला हाक मारायची, मग गर्भाशय चोळायचे, लघवीची पिशवी रिकामी आहे का बघायचे, सलाईन लावायचे, ऑक्सिटोसिन आणायचे. ते फ्रिजमध्ये असते आणि फ्रिजची चावी कुणाकडे आहे हे अनेकदा त्या क्षणीच आठवते. बाई मध्येच म्हणते, ‘ताई, मला गरगरतंय.’ तिच्याशी बोलायचे आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोनवर चार वाक्यांत सांगायचे : काय घडले, आधीची परिस्थिती काय, मला काय वाटते, तुमच्याकडून काय हवे. ही चार टप्प्यांची पद्धत अमेरिकी आरोग्यसेवेतून आली आणि आता जगभर शिकवली जाते. रात्री दोन वाजता झोपेतून उठवलेल्या डॉक्टरांशी बोलताना शिकाऊ सिस्टरची जीभ अडखळते, त्यावरचा हा साधा उपाय आहे.

प्रसंग दहा मिनिटांत संपतो. खरा तास त्यानंतर सुरू होतो. सगळे गोल बसतात आणि शिक्षिका विचारते : रक्त किती गेले असे तुला वाटले? मदत कधी मागितलीस? तेव्हा मनात काय चालले होते? चूक झाली म्हणून ओरडणे नाही, गुण कापणे नाही. बोलून उलगडण्याचा हा भाग वगळला तर उरते ते नाटक. नेमका हाच भाग अनेक ठिकाणी वेळेअभावी गाळला जातो, आणि फोटोत तो दिसतही नाही.

याला फार पैसे लागतात असेही नाही. लाखो रुपयांचा, संगणकावर चालणारा पुतळा असतो तसे पोटाला बांधायचे साधे मॉडेलही असते. कधी रुग्णाची भूमिका करायला प्रशिक्षण दिलेली व्यक्ती पुरते. वेदना लपवणारी आजी किंवा चिडलेला नातेवाईक उभा करायला यंत्र लागत नाही.

पुतळा रुग्णाची जागा घेऊ शकतो?

काही प्रमाणात, आणि अटींवर. अमेरिकेतील नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०११ ते २०१३ या काळात दहा कॉलेजांत मोठा अभ्यास केला. एका गटाने नेहमीप्रमाणे रुग्णालयात शिक्षण घेतले, दुसऱ्या गटाचे २५ टक्के आणि तिसऱ्याचे ५० टक्के क्लिनिकल तास सिम्युलेशनने घेतले. शेवटपर्यंत राहिलेल्या ६६६ विद्यार्थ्यांच्या ज्ञानात, कौशल्यात, परवाना परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१४ मध्ये हा निष्कर्ष आला आणि जगभर सिम्युलेशनला दार उघडले. ब्रिटनमध्ये पदवीसाठी लागणाऱ्या २,३०० प्रात्यक्षिक तासांपैकी ६०० तासांपर्यंत सिम्युलेशन चालते. करोनाकाळात विद्यार्थ्यांना वॉर्ड बंद झाले, तेव्हा या पद्धतीला आणखी वेग आला.

पण त्या अमेरिकी अभ्यासाचे अर्धेच वाक्य जाहिरातींत येते. तिथले शिक्षक सिम्युलेशनसाठी खास प्रशिक्षित होते, प्रत्येक प्रसंगानंतर ठरलेल्या पद्धतीने चर्चा होत होती, साधने पुरेशी होती. निष्कर्ष त्या दर्जाच्या सिम्युलेशनपुरता आहे. शिवाय पर्याय म्हणून समोर वॉर्डातले चांगले शिक्षण होते, रिकामे वॉर्ड नव्हते.

मग आपल्याकडे अडचण कुठे आहे?

परिषदेच्या निकषांप्रमाणे एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. २० विद्यार्थ्यांची तुकडी एका वेळी ड्युटीवर गेली तर ६० खाटांवर खरेखुरे रुग्ण असायला हवेत, आणि तुकडीसोबत दोन शिक्षक. खाटा असणे आणि खाटांवर रुग्ण असणे यात किती अंतर असू शकते हे मध्य प्रदेशने दाखवले. विधी विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या याचिकेवर तिथल्या उच्च न्यायालयाने नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी लावली. कागदावरची रुग्णालये, एकाच वेळी अनेक कॉलेजांत नावे असलेले शिक्षक असे प्रकार समोर आले. तपासलेल्या ३०८ कॉलेजांपैकी १६९ योग्य ठरवली गेली. मग मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्या सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना लाचेच्या आरोपाखाली अटक झाली आणि त्या ‘योग्य’ कॉलेजांची पुन्हा तपासणी करण्याची वेळ आली. या सगळ्यात विद्यार्थ्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या.

अशा ठिकाणी सिम्युलेशन लॅब आली तर ती वॉर्डाची पूर्वतयारी राहत नाही, वॉर्ड नसल्याचे झाकण होते. चार वर्षांत एकाही मरणासन्न माणसाच्या उशाशी न बसलेली, घाईच्या सकाळी ३० जणांची औषधे न दिलेली परिचारिका पदवी घेऊन बाहेर पडू शकते. तिला पहिला खरा रुग्ण नोकरीच्या पहिल्या दिवशी भेटतो, आणि त्या रुग्णाला याची कल्पना नसते.

याच्या उलट टोकही तितकेच ओळखीचे आहे. मोठ्या, गर्दीच्या रुग्णालयात रुग्णांची कमतरता नसते. कमतरता सिस्टरांची असते. मग विद्यार्थी म्हणजे फुकटचे हात. तापमान, बीपी, बेडमेकिंग, रक्ताचे नमुने पोहोचवणे, तीच कामे महिनोन्‌महिने. तास भरतात, हजेरी १०० टक्के होते, शिकणे मात्र पहिल्या आठवड्यातच थांबलेले असते. वॉर्डात विद्यार्थ्याशेजारी उभे राहून ‘या रुग्णाची लघवी कमी का झाली असेल?’ असे विचारणारे शिक्षक हवेत. नव्या अभ्यासक्रमाची खरी कसोटी ही आहे. लॅब विकत घेता येते, असे शिक्षक घडवायला वर्षे लागतात. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग कॉलेजे मंजूर केली; खर्च १,५७० कोटी, दरवर्षी सुमारे १५,७०० जागा. रुग्णालयाशेजारी कॉलेज ही कल्पना चांगली आहे, कारण खाटा खऱ्या असतात. पण दहास एक या हिशेबाने शिक्षक कुठून येणार, हा प्रश्न राहतोच.

रुग्णाच्या दृष्टीने पदवीला महत्त्व का?

युरोपातील नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती त्यात होती. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी कमी. आणि प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ती शक्यता सात टक्क्यांनी जास्त. म्हणजे पदवीचा फायदा अपुऱ्या मनुष्यबळात विरून जाऊ शकतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी काय बदलले?

अमेरिकेच्या परवाना परीक्षेचे स्वरूप एप्रिल २०२३ पासून बदलले. पाठांतरावर भागत नाही. रुग्णाची माहिती टप्प्याटप्प्याने देऊन ‘आता आधी काय कराल’ असे विचारले जाते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिकडे भाषा हा पहिला अडथळा असतो.

कॉलेज निवडताना काय विचारावे?

राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्यात संस्थांचे मूल्यांकन आणि मानांकन करणाऱ्या मंडळाची तरतूद आहे. पण यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी स्वतः चौकशी केलेली बरी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि राज्य परिचर्या परिषदेची मान्यता तपासावी, हे झाले किमान. त्यानंतर कॉलेजचे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि त्यातल्या किती खाटा भरलेल्या असतात ते बघावे. लॅब दाखवतील तेव्हा तिचे वेळापत्रक मागावे. कुलूप कधी उघडते ते कळते. शक्य असेल तर सकाळी नऊच्या सुमारास त्या रुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन बसावे, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला विचारावे : वॉर्डात तुमच्यासोबत मॅडम असतात का?