वेग दोनशे गिगाबिटचा, अडलं चौसष्ट केबीवर!

हिंजवडी मुळशी तालुक्यात मोडते, हे तिथल्या अनेक आयटीवाल्यांच्या गावीही नसतं! या मंडळींपैकी जे लिनक्स सर्व्हर सांभाळतात, त्यांना छळणारा एक खास प्रकार म्हणजे महागडं नेटवर्क कार्ड बसवलं, केबल जोडली आणि स्क्रीनवर आलं ‘परमिशन डिनाइड’. त्यातल्याच या काही गमती.

धरणही टाटांचं, ‘एका’ही टाटांचा. याच मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि त्याचे नेते बापट ‘सेनापती’ झाले. टाटांच्याच पुण्यातल्या कंपनीचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा, तर आशियात पहिला आला. त्यातली यंत्रं जोडली होती इन्फिनिबँड या अतिवेगवान नेटवर्कने.

कर्नलला वळसा. साध्या नेटवर्कचा डेटा लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे गाभ्यातून जातो. इन्फिनिबँडवर प्रोग्राम थेट कार्डाशी बोलतो. परवानगीची तपासणी होते ती ‘यूव्हर्ब्स’ ही डिव्हाइस फाइल उघडतानाच. म्हणून कर्नलमधून जाणारा पिंग मजेत चालतो आणि खरा प्रोग्राम मात्र दारातच अडतो.

रॅम ढीगभर, तरी ‘मेमरी नाही’. कार्ड थेट रॅममध्ये लिहितं, त्यामुळे तेवढी जागा हलू न देता ‘लॉक’ करावी लागते. सामान्य युजरसाठी या लॉकची (‘मेमलॉक’ची) मर्यादा वर्षानुवर्षं फक्त ६४ केबी होती! कर्नल ५.१६ पासून ती ८ एमबी झाली; मोठ्या कामाला तीही अपुरीच.

लॉगिनला पास, जॉबमध्ये नापास. ‘लिमिट्स.कॉन्फ’मध्ये मर्यादा वाढवली, तरी ती लागू होते लॉगिन करताना. सिस्टमडीने सुरू केलेल्या सर्व्हिसेस, आणि म्हणून त्यांच्यामार्फत चालणारे जॉबही, ही फाइल वाचतच नाहीत. तिथे ‘लिमिटमेमलॉक’ वेगळं लिहावं लागतं. मर्यादा दाखवणारी ‘यूलिमिट -एल’ ही कमांड टर्मिनलवर नव्हे, जॉबच्या आत चालवून बघा.

मॅनेजरशिवाय पान हलत नाही. इथरनेटची वायर खोचली की काम सुरू. इन्फिनिबँडला जाळ्यात कुठेतरी त्याची आखणी करणारा सबनेट मॅनेजर चालू असावा लागतो. तो नसेल तर पोर्ट ‘इनिशियलायझिंग’वरच अडकून राहतं. दोष परवानगीचाही नाही आणि केबलचाही नाही.

मालक बदलला, नाव राहिलं. इन्फिनिबँडची कार्डं बनवणारी मेलानॉक्स कंपनी २०२० मध्ये एनव्हिडियाने घेतली, पण लिनक्समध्ये कार्ड अजून ‘एमएलएक्स’ याच जुन्या आडनावाने हजेरी लावतं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या जागतिक यादीत पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ ६३वा आला. त्याच्या जोडणीतही हेच २०० गिगाबिटचं इन्फिनिबँड.

सातशे सत्याहत्तरचा मोह. वैतागून डिव्हाइस फाइलवर ‘चमोड ७७७’ मारणारे कमी नाहीत. पण या फायली प्रत्येक बूटला नव्याने तयार होतात, त्यामुळे रीस्टार्ट झाला की परवानगी गायब! कायमचा इलाज या परवानग्या ठरवणाऱ्या यूडेव्हच्या नियमात.

कंटेनरचं तिकीट वेगळं. होस्टवर सगळं सुरळीत असलं, तरी डॉकरला डिव्हाइस फायली आणि मेमलॉकची सूट दोन्ही वेगळ्या द्याव्या लागतात.

तेव्हा पुढच्या वेळी एरर आली की क्रम लक्षात ठेवा: आधी कार्डाचं मॉड्यूल (ड्रायव्हर), मग डिव्हाइस फाइल, मग मेमलॉक, शेवटी पोर्ट. नवं कार्ड मागवायचं ते या चौघांची झडती घेतल्यावरच!